कोरड्या राजधान्यांचा गंगाकाठ

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर पसरलेल्या सिविल लाइंस या वस्तीत आज राजस्थानच्या राज्यपालांचे आणि मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान आहे. इंग्रजी अमलात लष्करी छावणीपासून अलग, मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसाठी शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत आखलेल्या वस्तीला उत्तर हिंदुस्थानात हे नाव मिळत असे. रुंद रस्ते, मोठी आवारे आणि रस्त्यापासून मागे सरलेली घरे अशी तिची ठेवण असे आणि जयपुरातली वस्तीही त्याच वळणाची आहे. तिच्या जवळून वाहणारा प्रवाह म्हणजे द्रव्यवती. शहर वाढत गेले तसा हा प्रवाह अमानीशाह नाला या नावाने सांडपाण्याचा ओहोळ होऊन बसला होता आणि सुमारे ४७ किलोमीटर लांबीच्या पुनरुज्जीवन प्रकल्पानंतर, २०१८ पासून, त्याला पुन्हा नदी म्हणवून घेता येऊ लागले. सवाई जयसिंगाने १७२७ साली जयपूर वसवले तेव्हापासून पाणी ही या शहराची विवंचना राहिली आहे. राजवाड्यामागचा ताल कटोरा आणि आमेरच्या वाटेवरचा, मधोमध जलमहाल असलेला मानसागर ही दोन्ही पाणी बांध घालून अडवलेली. त्यांत राजघराण्याचा नौकाविहार होत असे, पण नदीला सन्मुख उभ्या घरांची रांग आणि त्या रांगेसमोरून सावकाश जाणारी नाव हे दृश्य जयपूरच्या वाट्याला आले नाही.

तरीही जयपूरच्या राजांचे एक नदीकाठचे घर आहे आणि ते राजधानीपासून सुमारे आठशे किलोमीटर पूर्वेला, काशीच्या मानमंदिर घाटावर उभे आहे. आमेरच्या राजा मानसिंगाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते बांधले. त्याच्या दोन्ही बाजूंना नदीच्या काठाकाठाने उदयपूर, बुंदी, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर, पुणे, औंध, दरभंगा अशा दूरदूरच्या दरबारांची घरे, मंदिरे आणि घाट लागतात. यांतील बहुतेक दरबारांच्या राजधान्या मोठ्या नदीपासून दूर होत्या. उदयपूरचे तलाव बांधून काढलेले, नागपूरची नाग नदी लहान, ग्वाल्हेरचा किल्ला कोरड्या पठारावर, आणि पुण्याची मुठा उन्हाळ्यात रोडावणारी. ज्यांना घरी बारमाही मोठे पाणी नव्हते त्यांनी आपल्या घराण्याचे जलाभिमुख रूप काशीत घडवले आणि ते पाण्यावरून पाहिले जावे अशाच रीतीने घडवले. आज पर्यटक तासा-दोन तासांच्या फेरीत जे पाहतात ते काशी नगराचे दर्शन असतेच. पण त्याहून अधिक ते अठराव्या शतकातील हिंदुस्थानच्या राजकारणाचे दर्शन असते, आणि त्यात मराठ्यांचा वाटा इतर कोणाहीपेक्षा मोठा आहे.

या दर्शनाला भूगोलाचा आधार आहे. पूर्वेकडे वाहत आलेली गंगा काशीपाशी उत्तरवाहिनी होते. तिच्या पश्चिम काठावर कंकर मिसळलेल्या चिकणमातीचा उंच कडा असल्यामुळे सगळी वस्ती त्याच काठावर झाली आणि पूर्वेचा काठ सखल, वाळूचा व पुरात बुडणारा असल्यामुळे मोकळा राहिला. दक्षिणेस अस्सी आणि उत्तरेस वरुणा या दोन प्रवाहांच्या संगमांमध्ये नदी चंद्रकोरीसारखी वळते. त्यामुळे पात्रात असलेल्या माणसाला पुढचा आणि मागचा काठ एकाच वेळी नजरेत घेता येतो, आणि समोरून उगवणाऱ्या सूर्याचा प्रकाश थेट घरांच्या दर्शनी भिंतींवर पडतो. शहरात फिरणाऱ्याला मात्र यातले काहीच दिसत नाही. दोन माणसे शेजारून जाऊ शकणार नाहीत अशा गल्ल्यांतून चालताना तोच वाडा म्हणजे एक दगडी भिंत आणि एक ठेंगणा दरवाजा एवढाच उरतो. वाड्याची पाठ गल्लीकडे आणि तोंड नदीकडे असते, म्हणूनच नाव हे काशीत वाहनाबरोबर पाहण्याचे स्थानही ठरले.

नावेतून घाट पाहण्याची रीत पर्यटनाच्या कितीतरी आधीची आहे. काशीखंडात, म्हणजे स्कंदपुराणाच्या काशीमाहात्म्य सांगणाऱ्या भागात, पंचतीर्थीचे माहात्म्य आहे. अस्सी संगम, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका या पाच ठिकाणी एकाच दिवशी स्नान करायची ही यात्रा असून ती काठाने चालत करता येते तशी नावेनेही करता येते. दक्षिणेच्या टोकापासून प्रवाहाबरोबर उत्तरेच्या टोकापर्यंत जाऊन मग उलट फिरत मणिकर्णिकेवर सांगता करायची, हा तिचा क्रम होय. आजच्या फेरीचा मार्ग आणि हा क्रम यांत फरक थोडा आहे. दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंच्या बाबतीत त्याला त्रिस्थळी यात्रेची जोड असे. प्रयाग, काशी आणि गया या तीन स्थळांच्या यात्रेला मराठीत हे नाव रूढ आहे, आणि तिचा शास्त्रार्थ सांगणारा 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ सोळाव्या शतकात काशीतच नारायण भट्टांनी लिहिला. त्यांचे घराणे पैठणचे. विश्वेश्वराच्या, म्हणजे काशी विश्वनाथाच्या, मंदिराचा अकबरकालीन जीर्णोद्धार त्यांच्याच पुढाकाराने झाला, आणि १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. एकनाथांनी आपले भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीतच पूर्ण केले. मराठा फौजा नर्मदा ओलांडून उत्तरेत उतरण्याच्या दीडशे वर्षे आधीपासून मराठी विद्या गंगेच्या काठी स्थायिक झाली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढची बांधकामे समजत नाहीत.

कछवाह्यांचे, म्हणजे आमेर-जयपूरच्या राजघराण्याचे, काशीशी असलेले नाते याच काळातले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये १६६५ च्या अखेरीस काशीत आला तेव्हा त्याला बिंदुमाधवाच्या भव्य मंदिराजवळ राजा जयसिंगाने थोरामोठ्यांच्या मुलांसाठी चालवलेली पाठशाळा आढळली. हा जयसिंग म्हणजे मिर्झाराजा जयसिंग; त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याने पुरंदरचा तह करून शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेतले होते. मराठी इतिहासाला तो मोगलांचा सेनापती म्हणून ठाऊक आहे, काशीच्या घाटाला तो विद्येचा आश्रयदाता म्हणून ठाऊक होता. त्यानंतर काही वर्षांतच औरंगजेबाच्या आज्ञेने विश्वेश्वराचे आणि बिंदुमाधवाचे अशी दोन्ही मंदिरे पडली आणि पंचगंगेच्या उंचवट्यावर उंच मिनारांची मशीद उभी राहिली. पुढची दोन-अडीच शतके नदीवरून येणाऱ्या प्रत्येकाला काशीची पहिली खूण म्हणून हे मिनार दिसत. 'माधोरावका धरहरा' या नावाने ते ओळखले जात. आता ते राहिलेले नाहीत.

मानसिंगाच्या घराच्या गच्चीवर सवाई जयसिंगाने १७३० च्या दशकात वेधशाळा बसवली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा त्याच्या पाच वेधशाळांपैकी मथुरेची नष्ट झाली आहे. काशीच्या वेधशाळेत सम्राट यंत्र, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर कललेल्या भिंतीच्या सावलीवरून वेळ मोजणारे प्रचंड सूर्यघटिकायंत्र, शिवाय चक्र यंत्र, दिगंश यंत्र आणि दक्षिणोत्तर भित्ती यंत्र अशी दगड-चुन्याची साधने आहेत. नावेतून यंत्रे दिसत नाहीत. दिसतो तो कोपऱ्यावरचा कोरीव दगडी सज्जा, जो काशीच्या काठावरचा सर्वांत देखणा सज्जा म्हणायला हरकत नाही. ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बार्कर याने १७७२ साली पाहिलेल्या या वेधशाळेचे वर्णन १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले आणि त्यामुळे युरोपातील ज्योतिर्विदांत हे घर प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रांची मोडतोड झाली होती तेव्हा त्यांची दुरुस्ती जयपूर दरबारानेच करवली. त्यावेळचा महाराजा दुसरा माधोसिंग. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला जाताना गंगाजल बरोबर असावे म्हणून याने पुरुषभर उंचीच्या चांदीच्या गंगाजळ्या भरून बोटीवर चढवल्या होत्या. त्या प्रत्येकीचे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास असून त्या आज जयपूरच्या राजवाड्यात पाहायला मिळतात.

जयपुरातही मराठी विद्येचा हात होता. सवाई जयसिंगाचे गुरू रत्नाकरभट्ट पौंडरीक हे महाराष्ट्रीय. युक्लिडच्या भूमितीचे 'रेखागणित' या नावाने आणि टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचे 'सिद्धांतसम्राट' या नावाने संस्कृत भाषांतर करणारे जगन्नाथ सम्राटही महाराष्ट्रीयच. जयपूरच्या उत्तरेस वसवलेल्या ब्रह्मपुरीत अशा विद्वानांची घरे होती. म्हणून १७३५ साली पेशवे बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला निघाल्या तेव्हा उदयपूरनंतर जयपुरातही त्यांचा सन्मान झाला, आणि त्या पुढे प्रयाग-काशी-गयेची यात्रा करून १७३६ मध्ये पुण्याला परतल्या, यात केवळ राजकीय सौजन्य पाहणे अपुरे ठरेल. त्याच वर्षी जयसिंग आणि बाजीराव यांची किशनगडजवळ भेट झाली. पेशव्यांच्या मातेची ती यात्रा म्हणजे मराठी दौलतीने काशीच्या काठावर प्रत्यक्ष बांधकामाला हात घालण्याचा प्रारंभकाळ होय.

मराठ्यांनी काशी कधीच जिंकली नाही, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे. शहर अयोध्येच्या नबाबाच्या सुभ्यात होते, कारभार बनारसच्या राजांकडे होता आणि १७७५ पासून तो मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. नानासाहेब पेशव्याच्या मनात प्रयाग आणि काशी ही दोन क्षेत्रे हिंदू सत्तेखाली आणण्याची तळमळ होती. दत्ताजी शिंद्याला त्याने तशा सूचना दिल्या होत्या, पण १७६१ च्या पानिपताने तो विचार संपला. जी भूमी तलवारीने मिळाली नाही तिच्या काठावर मराठ्यांनी पैसा, गवंडी आणि ब्राह्मण पाठवले. दुसऱ्याच्या राज्यात जमीन विकत घ्यायची, स्थानिक अधिकाऱ्याची परवानगी मिळवायची, आपल्या विश्वासातला माणूस तिथे कायम ठेवायचा आणि त्याच्या पत्रांवर विसंबून शेकडो कोस दूरवरून काम चालवायचे, अशी ही पद्धत होती. बाजीरावाच्या काळी नारायण दीक्षित पाटणकर हे काशीतले असे वजनदार गृहस्थ होते. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट ही बांधकामे त्यांच्या नावावर आहेत आणि त्या परिसरात मराठी घरांची जी दाट वस्ती झाली ती पुढे दोन शतके टिकली. हिंदी पत्रकारितेचे पितामह मानले जाणारे, 'आज' दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे काशीच्या याच मराठी समाजातले.

घाट बांधणे म्हणजे पायऱ्या घालणे एवढेच, असा समज सर्वत्र आढळतो, पण काशीत हे काम पाण्याशी घेतलेली झुंज असे. हिवाळ्यातली गंगेची पातळी आणि पावसाळ्यातली पुराची पातळी यांत बारा मीटरांहून अधिक अंतर पडते. आजच्या मोजणीप्रमाणे वाराणसीतील धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर असून १९७८ च्या पुरात पाणी ७३.९ मीटरपर्यंत चढले होते. त्यामुळे पाया नदी उतरलेल्या महिन्यांतच घालावा लागे आणि पुढच्या पावसाळ्याआधी तो पाण्याच्या माऱ्याला तोंड देईल इतका वर आणावा लागे. दगड चुनारच्या खाणीतला, फिकट पिवळसर वालुकाश्म. चुनार नदीच्या वरच्या अंगाला असल्यामुळे तो सपाट तळाच्या नावांतून प्रवाहाबरोबर खाली येई. प्रवाहाचा धक्का फुटावा म्हणून घाटाच्या टोकांना अष्टकोनी किंवा अर्धगोल बुरूज पुढे काढत, ज्यांना काशीत मढी म्हणतात आणि ज्यांच्या माथ्यावर आज छत्र्यांखाली बसलेले घाटिये, म्हणजे स्नानाचा संकल्प सांगणारे ब्राह्मण, दिसतात. वाड्याचा खालचा दोन-तीन मजल्यांइतका भाग भरीव, खिडकीविना आणि किल्ल्याच्या तटासारखा ठेवून पुराच्या रेषेच्या वरच सज्जे, गवाक्षे आणि नक्षी सुरू करत. पाण्यावरून पाहताना या घरांना जो दरारा येतो तो या सक्तीतून आलेला आहे.

कृष्णाकाठच्या घाटांशी तुलना केली म्हणजे फरक कळतो. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्याच्या मागचा घाट आजही उभा आहे; तिथे वाडा झाडीत मागे राहतो, घाट वेगळा होऊन अर्धचंद्राकृती पायऱ्यांनी पाण्यात उतरतो, मंदिरे त्याच्या कडेला बसतात. वाई, माहुली आणि नाशिक इथेही घाट म्हणजे नदीत उतरायची मोकळी जागा. काशीत वाडा, मंदिर, घाट आणि बुरूज हे एकाच उभ्या भिंतीचे भाग होतात. दख्खनच्या कारागिरीची ओळख काशीत शोधू गेल्यास ती फारशी सापडत नाही, कारण काम तिथल्या गवंड्यांचे आणि रीत तिथल्या नदीची होती. मराठी होते ते द्रव्य आणि हेतू. अहिल्याबाई होळकर यांची गोष्ट थोडी निराळी मानावी लागते, कारण त्यांची राजधानी महेश्वर नर्मदेच्या काठी होती आणि घाट, वाडा व मंदिर यांची एकत्र बांधणी त्यांना घरचीच होती.

दशाश्वमेध घाट १७४८ च्या सुमारास नानासाहेब पेशव्याने पक्का केला, म्हणजे मातीच्या उताराऐवजी दगडी बांधला, आणि अहिल्याबाईंनी १७७४ मध्ये त्याचा विस्तार केला. त्याच्या दक्षिणेला त्यांच्याच नावाचा घाट आणि वाडा आहे. मणिकर्णिकेच्या घाटाचे कामही त्यांनी करवले, आणि १७८० साली पूर्ण झालेले विश्वेश्वराचे आजचे मंदिर हे तर त्यांचे सर्वश्रुत कार्य होय. पंचगंगेवरचा दगडी हजारा, म्हणजे कार्तिकात असंख्य पणत्या लावण्यासाठी केलेला दीपस्तंभ, अहिल्याबाईंचा म्हणून सांगतात. त्याच घाटावरचे बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. कार्तिक पौर्णिमेच्या देवदीपावलीला सगळा काठ दिव्यांनी उजळतो आणि नावांना मागाल ते भाडे मिळते. घाटांवर दिवे लावण्याचा हा सोहळा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंचगंगेपासूनच वाढत गेला.

अहिल्याबाई घाटाला लागून मुन्शी घाट आणि दरभंगा घाट आहेत. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इथे उभा केलेला महाल हा सबंध काठावरच्या सर्वांत डौलदार दर्शनी भागांपैकी एक आहे. ग्रीक वळणाचे स्तंभ आणि त्याखाली प्रचंड अष्टकोनी बुरूज ही त्याची खूण. १९१५ साली तो दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि आता तिथे भारी किमतीचे हॉटेल आहे, ज्याचे पाहुणे नावेनेच थेट दारात उतरतात. नागपूरकरांचे नाव मात्र उत्तरेकडच्या भोसले घाटावर टिकून आहे. तिथल्या भरभक्कम वाड्याला नदीकडे अगदी वरच्या बाजूस थोड्या खिडक्या आहेत आणि आवारात लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे.

त्याच टापूतला शिंदे घाट हा मराठी महत्त्वाकांक्षेचा आणि गंगेच्या शक्तीचा एकत्र पुरावा आहे. दौलतराव शिंदे १८२७ मध्ये वारल्यावर ग्वाल्हेरचा कारभार पाहणाऱ्या बायजाबाई शिंदे यांनी ज्ञानवापीच्या विहिरीवरचा स्तंभमंडप १८२८ मध्ये बांधला आणि १८३० च्या सुमारास हा घाट हाती घेतला. रचना इतकी जड झाली की काठची माती ती पेलू शकली नाही आणि बांधकाम खचून नदीत सरकले. १९३७ मध्ये शिंदे घराण्याने तो पुन्हा बांधवला. शेजारचे रत्नेश्वराचे मंदिर एका बाजूला कललेले असून वर्षातून कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो. या कलण्याविषयी आईच्या ऋणाची आणि शापाची कथा नावाडी हमखास सांगतात. कथा सांगू नये असे नाही. पण ज्या बाईने राज्य चालवता चालवता हा घाट बांधण्याचे धाडस केले तिचे नावही त्यासोबत घेतले जायला हवे.

दुसऱ्या बाजीरावाशी न पटलेले, रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ नंतर इंग्रजांकडून सात लाखांचा वार्षिक तनखा घेऊन काशीत येऊन राहिले आणि १८२४ मध्ये तिथेच वारले. राजा घाट त्यांच्यामुळे आजच्या रूपात आला. तनख्यावर जगणाऱ्या या घराण्यांनी काठावर अन्नछत्रे चालवली, अग्निहोत्र्यांना घरे दिली, वेदपाठशाळा पोसल्या. दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजीअप्पा हेही काशीतच राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मणिकर्णिका, पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, काशीच्या दक्षिण टोकाकडच्या भदैनी भागात जन्मली. पुण्याची सत्ता गेल्यावर पेशवाईचा शेवटचा संसार काही काळ या काठावर चालला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

घाटांच्या दर्शनाला चित्रकलेने नवे वळण दिले. १७८१ च्या ऑगस्टमध्ये वॉरन हेस्टिंग्जने बनारसच्या चेतसिंगाला त्याच्याच शिवाल्याच्या किल्ल्यात अटकेत ठेवले आणि चेतसिंग पागोट्यांची दोरी करून खिडकीतून नावेत उतरून निसटला, तेव्हा विल्यम हॉजेस हा चित्रकार हेस्टिंग्जच्या लवाजम्यात होता. त्यानंतर १७८० च्या दशकाच्या अखेरीस थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे नावेने गंगेच्या वर आले आणि त्यांनी काढलेला दशाश्वमेध घाट त्यांच्या हिंदुस्थानच्या चित्रमालेत १७९६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. १८२० पासून १८३० पर्यंत काशीच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने, ज्याने पुढे ब्राह्मी लिपी वाचली, शहराची मोजणी केली, धरहऱ्याच्या मिनारांची डागडुजी केली आणि घाटांची बारीक रेखाचित्रे छापली. १८६० च्या दशकात सॅम्युअल बोर्नने त्यांची छायाचित्रे घेतली. या मंडळींनी नदीवरून पाहिलेले दृश्य हे काशीचे प्रमाण चित्र ठरले आणि १८८७ मध्ये राजघाटचा रेल्वेपूल झाल्यावर जे प्रवासी येऊ लागले ते तेच चित्र प्रत्यक्ष पाहण्याच्या अपेक्षेने येऊ लागले. शहराचे स्वतःचे नौकासुखही निराळे होतेच. होळीनंतरच्या मंगळवारी भरणाऱ्या बुढवा मंगल या उत्सवात रईस लोकांचे बजरे, म्हणजे छताच्या खोल्या असलेल्या मोठ्या नावा, एकमेकांना जोडून रात्रभर गाणे-बजावणे चाले. भारतेंदु हरिश्चंद्र त्याचे रसिक होते.

हे सगळे दाखवणारा निषाद म्हणजे मल्लाह समाज या इतिहासात नेहमी दुय्यम ठरतो, तो ठरू नये. कुठल्या घाटावरून कोणत्या घराण्याने नाव चालवायची याचे परंपरेने वाटून आलेले हक्क त्यांच्यात आहेत. पूर, वाळूचे थर आणि भोवरे यांचे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यांनी जमा झाले आहे. वल्ह्याच्या नावेची जागा डिझेलच्या इंजिनाने घेतली, २०२१ नंतर शेकडो नावा सीएनजीवर आल्या, २०१८ पासून वातानुकूलित क्रूझ सुरू झाली, आणि प्रत्येक टप्प्यावर या समाजाला आपल्या उपजीविकेची नव्याने मांडणी करावी लागली. इंजिनाची नाव अस्सीपासून पंचगंगेपर्यंतचे अंतर झपाट्याने कापते. पण दर्शनी भागांचे तपशील, कोनाड्यांतल्या मूर्ती, दात्यांची नावे कोरलेले शिलालेख हे वल्ह्याच्या गतीलाच वाचता येतात. इतिहास दाखवायचा असेल तर वल्ह्याच्या नावा टिकवणे हा वारसाजतनाचाच भाग मानला पाहिजे.

काठ अजूनही बदलत आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले आणि ललिता घाटापासून मंदिरापर्यंत रुंद मार्ग खुला झाला. काशीच्या काठावर शतकांनंतर नदीतून विश्वेश्वराकडे जाणारी सरळ वाट झाली, पण तिच्यासाठी मधली दाट वस्ती हटवली गेली. धामाच्या प्रांगणात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. मानसिंगाच्या घरात, म्हणजे मानमहालात, २०१९ पासून संग्रहालय चालते. ज्यांचे धनी राहिले नाहीत असे वाडे मात्र वाटण्या, भाडेकरू आणि खटले यांत अडकून पडले आहेत, आणि दर पावसाळ्यानंतर त्यांच्या पायऱ्यांवर साचणारा गाळ पंपाच्या पाण्याने धुऊन काढताना चुनारच्या मऊ दगडावरची अक्षरे झिजत जातात. औंध, नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर आणि पुणे यांच्या दप्तरांत या घाटांचे जे हिशेब आणि पत्रे आहेत ती काठावरच्या दगडांशी ताडून एकेका वास्तूची नोंद करणे हे काम मराठी संशोधकांनी आपले मानावे, कारण ती कागदपत्रे मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे इथेच आहेत.

पर्यटकांच्या बहुतेक नावा पंचगंगेच्या थोड्या पुढे जाऊन परत फिरतात. रेल्वेपुलापलीकडे वरुणेच्या संगमावर आदिकेशवाचे मंदिर आणि घाट आहे; अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या एका दिवाणाने तो पक्का केला. पंचतीर्थीचा संकल्प सोडलेले यात्रेकरू तिथवर जातात, तिथे स्नान करतात आणि मग प्रवाहाविरुद्ध पंचगंगेला व तिथून मणिकर्णिकेला येतात.